आतला थर

व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे संवाद वाचत खेळायचा खेळ, लिहिणाऱ्यांना प्रेमाचा प्रसंग फारसा जड जात नाही. दोन चेहरे, एक पार्श्वभूमी, खालच्या पट्टीत ओळी आणि अधूनमधून दोन-तीन पर्याय. पंचाईत होते ती खेळणाऱ्याला त्या प्रेमासाठी हातानं काही बनवायला लावलं की. कॉफी असो, मद्य असो, गाणं असो किंवा शिवण. बनवण्याला कृती असते, कृती पाठ होते, आणि पाठ झालेल्या कृतीतून मिळालेलं प्रेम विकत घेतल्यासारखं वाटायला लागतं. पुण्यात राहून मराठीत असा खेळ लिहिणारी एक लेखिका काही वर्षांपासून या एकाच गाठीशी झगडते आहे. तिच्या खेळात गोधडी शिवायची आहे.

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ तिचा लाडका. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं तो घडवला आणि २०१६ मध्ये बाजारात आणला, याचं तिला आजही अप्रूप आहे. पण त्यातल्या प्रेमावर तिचा जीव जडत नाही. गावातल्या कुणालाही आठवड्यातून दोन भेटी देता येतात. अ‍ॅबिगेलला अ‍ॅमेथिस्टचा खडा आवडतो, तर आठवड्याला दोन खडे द्यायचे. लिआला सॅलड आवडतं, ते गावच्या गुत्त्यात विकत मिळतं. जवळीक मोजणाऱ्या पट्टीतले आठ बदाम भरले की पिएरच्या दुकानातून पुष्पगुच्छ घ्यायचा. दहा भरले की पावसाच्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या खलाशाकडून पाच हजारांचं पदक आणून मागणी घालायची. शेत मात्र खरं आहे. त्यातला पाऊस, वाफे, पहिल्या हिवाळ्यातलं रिकामपण, सगळं खरं. प्रेमात आवडीनिवडीची यादी शेजारच्या खिडकीत उघडून ठेवली की काम भागतं.

या बदामांचं मूळ जुनं आहे. कोनामीचा ‘टोकिमेकी मेमोरियल’ १९९४ चा. त्यात अभ्यास, खेळ, कला यांचे आकडे वाढवत शाळेची वर्षं काढायची आणि शेवटी एखाद्या मुलीनं झाडाखाली मनातलं सांगायचं. त्या वेळी ते नवं होतं आणि त्यात एक हुरहुर होती. पुढे हुरहुर गेली, आकडे राहिले. मोबाईलवरच्या ‘चॉइसेस’सारख्या प्रेमकथांत तर चांगला पोशाख किंवा एकांतातली भेट हवी असेल तर हिरे मोजावे लागतात, आणि हिरे संपले की ते पैशानं घ्यावे लागतात. लेखिका याला ऱ्हास म्हणते आणि तो शब्द मागे घ्यायला ती तयार नाही. तिथे लिहिणारे हात कमी प्रतीचे आहेत असं तिचं म्हणणं नाही. उलट काही प्रसंग सुरेख लिहिलेले असतात, म्हणूनच तिला जास्त राग येतो.

गाठ सुटण्याची पहिली आशा तिला व्हेनेझुएलातून मिळाली. सुकेबान गेम्सचा ‘व्हीए-११ हॉल-ए’ जून २०१६ मध्ये आला. नायिका जिल एका काळोख्या भविष्यनगरीतल्या बारमध्ये पेयं बनवते. संवादाचे पर्याय त्यात नाहीतच. खेळणाऱ्यानं बोलायचं ते फक्त ग्लासातून. घटक पाच, त्यातला कार्मोट्रीन म्हणजे दारू. तो थोडा जास्त पडला की समोरच्याची जीभ सैल होते आणि जे ऐकायला मिळायला नको होतं ते ऐकायला मिळतं. हे झालं हुशारीचं काम. लेखिकेला घेरलं ते दुसऱ्याच एका तपशिलानं. जिलला घरभाडं भरायचं असतं, आणि मनात भरलेली एखादी वस्तू घ्यायचीही असते. ती वस्तू घेता आली नाही तर दुसऱ्या दिवशी कामात तिचं लक्ष लागत नाही. अशा दिवशी गिऱ्हाइकानं काय मागितलं याची आठवण खेळ पडद्यावर करून देत नाही. खेळणाऱ्यानं ते ऐकून लक्षात ठेवलं असेल तरच योग्य पेय बनतं.

इथे बनवणं आणि जीव लावणं एकत्र आलं, असं तिला वाटलं. कृती सगळ्यांना उघडी आहे, पुस्तकात लिहिलेली आहे. कस लागतो तो समोरच्याचं बोलणं किती मनात राहिलं याचा. जिलची स्वतःची प्रेमकथाही त्याच चालीनं येते. पूर्वीची प्रेयसी लेनोर भांडणानंतर दुरावलेली असते आणि मग तिच्या मृत्यूची बातमी येते. त्यानंतरही दुकान उघडावं लागतं, ग्लास भरावे लागतात.

‘कॉफी टॉक’ तिनं नंतर खेळला. इंडोनेशियाच्या तोगे प्रॉडक्शन्सचा हा खेळ जानेवारी २०२० चा, त्याचा लेखक-रचनाकार मोहम्मद फाहमी. सिएटलमध्ये रात्री उघडं असणारं कॉफीचं दुकान, तीन घटकांची पेयं, आणि काउंटरवर येणारे एल्फ, वेअरवुल्फ, व्हँपायर. बेलीस हा एल्फ आणि लुआ ही सक्युबस यांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि दोघांच्या घरच्यांना ते मान्य नाही. मराठी वाचकाला यात काही समजावून सांगावं लागत नाही. दुकान सिएटलचं असलं तरी यादीत आलं, मध आणि दूध यांचं इंडोनेशियन एसटीएमजे आहे, आणि तेवढ्यावरून लिहिणाऱ्याचं घर कुठे आहे ते कळतं. एका दिवसात मोजक्याच वेळा पेय ओतून टाकता येतं, हेही तिला आवडलं. चुकीला किंमत हवी. खेळातल्या मोबाईलवरच्या खोट्या समाजमाध्यमात मैत्रीची पातळी दिसते, ते मात्र तिला खटकतं. फाहमीसारख्या माणसाला त्या पट्टीची गरज नव्हती.

फाहमी मार्च २०२२ मध्ये गेला. त्यानं सुरू केलेला ‘आफ्टरलव्ह ईपी’ सहकाऱ्यांनी पूर्ण केला आणि तो १४ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. जकार्तातला रामा, त्याचा बँड, आणि मरून गेलेल्या चिंता नावाच्या प्रेयसीचा त्याच्या डोक्यात चालू असलेला आवाज. गाणी वाजवायची, नव्या माणसांत मिसळायचं, आणि हे सगळं तो आवाज ऐकत करायचं. हा खेळ लेखिकेनं भीत भीत उघडला. एखाद्यानं अर्धवट सोडलेलं लेखन दुसऱ्यांनी पुरं केलं की सांधा दिसतो. तिला तो शोधूनही नक्की सापडला नाही, आणि यापेक्षा मोठी दाद तिच्याकडे नाही.

तरीही तिच्या मते या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडलेला खेळ ‘फ्लोरेन्स’. मेलबर्नच्या माउंटन्स या गटाचा, केन वाँगच्या दिग्दर्शनातला, १४ फेब्रुवारी २०१८ चा. काटेकोर बोलायचं तर ती व्हिज्युअल नॉव्हेल नव्हे, कारण त्यात वाचायला जवळजवळ शब्दच नाहीत. फ्लोरेन्सला क्रिश नावाचा भारतीय वंशाचा चेलोवादक भेटतो. पहिल्या भेटीत तिचं प्रत्येक वाक्य म्हणजे तुकडे जुळवून पूर्ण करायचा बुडबुडा. भेटी वाढतात तसे तुकडे कमी होत जातात, बोलणं सोपं होतं. पुढे भांडणात त्याच तुकड्यांना टोकं येतात. तो राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तूंसाठी फळीवर जागा करायची, म्हणजे तिचं काहीतरी काढून ठेवायचं. आणि अखेर त्याचं सामान खोक्यात भरायचं. आकडा नाही, बदाम नाही. बोटांना जे जाणवलं तेच प्रेम.

या लेखिकेला मात्र शब्द सोडवत नाहीत. मराठी संवाद आपल्याइतका कुणाला जमत नाही, हा तिचा पक्का समज आहे, आणि तो ती लपवत नाही. खेळ तपासायला कुणी बसलं की ती त्याच्या मागे उभी राहते आणि आपल्या ओळीवर त्याची नजर किती थांबली ते पाहते. गोधडीचा भाग तिनं मुळात घातला तो दोन संवादांमध्ये खेळणाऱ्याला विसावा मिळावा म्हणून. संवाद गाभा, शिवण सोबतीला. तिचा खेळ १९८२ च्या गिरणी संपातला आहे. संप लांबतो तसा एक कामगार साताऱ्याकडच्या आपल्या गावी येतो, पावसाळाभर राहतो आणि परत लालबागला निघतो. त्याच्यासाठी एक मुलगी गोधडी शिवते. कपडे सहा आहेत: आईचं इरकल लुगडं, वडिलांचं धोतर, भावाचा शाळेचा सदरा, तिचा स्वतःचा परकर, गिरणीचं मांजरपाट आणि त्याचाच एक फाटका शर्ट. यातले चार निवडायचे, ते कुठे जातील ते ठरवायचं आणि धावदोरा घालायचा.

पार्श्वभूमीची चित्रं काढायला एक तरुण मुलगी तिच्याकडे शिकायला म्हणून आली. अर्धवट खेळ तिच्यापुढे ठेवला तेव्हा तिनं कंट्रोलची कळ दाबून धरली आणि सगळे संवाद भराभर पुढे सरकले. लेखिका ज्या साधनात हा खेळ घडवते त्या रेनपायमध्ये ही सोय असते, आणि लिहिणाऱ्यांचा या सोयीवर राग आहे. गोधडीपाशी मात्र ती मुलगी थांबली. तुकडे लावले, काढले, पुन्हा लावले. परकराचं कापड मऊ म्हणून ते तोंडाशी येईल असं घेतलं. फाटका शर्ट आत घातला, कुणाला दिसणार नाही असा. मग नायकाच्या तोंडी लेखिकेची आवडती ओळ आली आणि ती मुलगी म्हणाली, “ताई, मी कुठलं कापड तोंडाशी लावलं, ते त्याला कळलंच नाही का?”

कळलं नव्हतं. कुठलं कापड घेतलं एवढंच खेळ नोंदवत होता. कुठे लावलं याची नोंदच नव्हती.

तेव्हापासून लेखिकेच्या कामाची दिशा बदलली आहे. पण अडचण काही मनाची नाही, हिशेबाची आहे. सहातले चार कपडे चार जागी लावायचे म्हणजे तीनशे साठ मांडण्या होतात. प्रत्येक मांडणीला वेगळं उत्तर लिहिणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही. मोठ्या कंपन्या अशा ठिकाणी गुणांची पट्टी लावून मोकळ्या होतात, कारण पट्टीला तीनशे साठ आणि तीन लाख सारखेच. तिनं बऱ्याच खटपटीनंतर दोनच जागा धरल्या: तोंडाशी येणारं कापड आणि अगदी आत जाणारं कापड. सहा गुणिले पाच, तीस जोड्या. तीस उत्तरं माणूस लिहू शकतो, आणि प्रत्येक उत्तर वेगळ्या मनःस्थितीतलं असू शकतं. उरलेल्या दोन जागा खेळणाऱ्याच्या हौसेला.

यातला आतला थर तिला झोपू देत नाही. तोंडाशी काय लावलं ते नायकाला पहिल्याच रात्री कळतं, त्याबद्दल तो लगेच बोलू शकतो. आत काय आहे ते मात्र पुष्कळ प्रकरणांनंतर, लालबागच्या चाळीत गोधडीचं वरचं कापड विरलं की दिसतं. तोवर खेळणारा विसरलेला असतो, आणि त्यानं विसरलेलं असावं अशीच तिची इच्छा आहे. भेट दिली की तत्काळ बदाम उमलतो, त्याला ती व्यवहार म्हणते. दिलेल्या वस्तूची खरी ओळख पटायला वेळ लागतो, आणि त्या वेळी देणारी जवळ नसते. तो प्रसंग तिनं कितीदा तरी लिहून खोडला आहे. नायकानं काही बोलावं की नुसता हात फिरवावा, हा वाद तिचा तिच्याशीच चालू आहे. शिकाऊ मुलीचा कौल अर्थात हातालाच.

दुसरी कटकट उसवण्याची. रेनपायमध्ये माउसचं चाक मागे फिरवलं की खेळ मागे जातो, झालेलं सगळं पुसलं जातं. शिवणीत हे चालू द्यावं का? गोधडी उसवता येते, पण कापडाला सुईची भोकं राहतात. तिनं चाक त्या भागापुरतं बंद केलं आणि खेळणाऱ्याच्या हाती कात्री दिली. उसवलेल्या जागी आता बारीक भोकं दिसतात आणि ती शेवटपर्यंत दिसत राहतात. ही कल्पना तिची आहे आणि तिला तिचा फार अभिमान आहे.

लिपीची अडचण मात्र बरीचशी सरली. रेनपाय २००४ पासूनचं, टॉम रॉथमेलनं घडवलेलं आणि फुकट. ‘दोकी दोकी लिटरेचर क्लब’ त्यातच झाला. तरी वर्षानुवर्षं त्यात देवनागरी धड उमटत नसे: जोडाक्षरं फुटत, वेलांटी भलतीकडे जाई. २०२३ च्या ८.१ आवृत्तीत अक्षरं जुळवणारं हार्फबझ आलं आणि ‘क्ष’ ‘क्ष’सारखा दिसू लागला. एकेक अक्षर टंकत ओळ पुढे सरकवण्याची पद्धत तिनं तरीही घेतली नाही. तिची ओळ सबंध येते.

खेळ कधी पुरा होईल ते ती सांगत नाही. मराठीत चांगली कथा लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि या प्रकाराकडे त्यांतलं जवळजवळ कुणीच वळलेलं नाही, याचं तिला वाईट वाटतं. रेनपायला मोठा संगणक लागत नाही, आणि सुरुवातीपुरतं प्रोग्रामिंग आठवड्याभरात हाती येतं. ज्यांना प्रेमकथा लिहायची असेल त्यांनी इकडे जरूर यावं, आपापल्या घरातलं एखादं हातकाम सोबत आणावं, आणि बदामांची पट्टी लावू नये.