डबीवरचे नाव

आमच्या आईच्या पिढीला ‘मेकअप’ हा शब्द फारसा ठाऊक नव्हता. त्यांचा शब्द होता ‘स्नो-पावडर’. पावडरचा पत्र्याचा डबा आणि बुटक्या बरणीतला अफगाण स्नो, एवढ्या सामग्रीवर अख्खी लग्नसराई पार पडत असे. हा स्नो मुंबईच्या पाटणवाला यांनी १९१९ साली बाजारात आणला. टाटांची ‘लॅक्मे’ १९५२ साली आली, १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आली आणि गोरेपणा ही दुकानात विकत मिळणारी वस्तू आहे, असे घरोघर वाटू लागले. त्या मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० साली गळाला. शब्द गळाला, हौस गळाली असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

नकली माल तेव्हाही होताच. उल्हासनगरच्या मालावरील ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आम्ही शाळेत असताना ऐकला आहे. (फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या त्या कष्टाळू माणसांवर हा विनोद अन्यायच करतो, असो.) परंतु त्या काळी माणूस फसत असे तो पेनात, घड्याळात, फार तर छत्रीत. पेन चार दिवसांत मोडे आणि हळहळ संपे. चेहऱ्याला चोळलेले मलम तसे नसते. ते कातडीतून आत जाते आणि आत गेलेल्या वस्तूला दुकानदाराकडे परत करता येत नाही.

आज बाजार हातातल्या फोनमध्ये आला आहे. आपण समजतो, अमुक नावाच्या मोठ्या पेढीकडून आपण वस्तू घेतली. वास्तविक पुष्कळदा ती पेढी केवळ मांडव घालून देते. मांडवात बसलेला विक्रेता तिसराच कोणी असतो. शिवाय काही मोठ्या गोदामांत एकच पट्टीसंकेत असलेला निरनिराळ्या विक्रेत्यांचा माल वर्षानुवर्षे एकत्र ठेवला जात आला. म्हणजे आपण प्रामाणिक विक्रेत्याला पैसे मोजावेत आणि आपल्या हाती दुसऱ्याच कोणाची बरणी पडावी, असेही घडू शकते. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने या बाजाराची परीक्षा घेण्यासाठी पाच संकेतस्थळांवरून ४७ वस्तू मागवल्या होत्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्यांतील २० नकली निघाल्या. बूट सगळे अस्सल होते. प्रसाधने १३ होती, आणि ती तेराही नकली होती! त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तेथील स्वस्ताईच्या बाजारातून सुमारे सात लाख डॉलरची बनावट प्रसाधने जप्त केली. तपासणीत त्यांत जिवाणू आणि विष्ठेचे अंश आढळले. हे लिहिताना संकोच वाटतो, पण ओठांना लावायच्या वस्तूविषयी संकोच करून चालणार नाही.

आपल्याकडचा धोका आणखी निराळा आहे. अकोल्यातील एका कुटुंबाची हकिगत काही वर्षांपूर्वी वृत्तपत्रांत आली होती. आई आणि तिच्या दोन मुली एकच मलम वापरत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या मलमात पारा सापडला. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील २२ मूत्रपिंडरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांतील १५ जणांचा विकार एका विशिष्ट, एरवी क्वचित आढळणाऱ्या प्रकारचा होता, आणि त्या पंधरापैकी १३ जण गोरे होण्याची मलमे लावत होते.

पारा करतो काय, हे समजून घेणे अवघड नाही. आपल्या कातडीला सावळेपणा देणारे द्रव्य शरीरातच तयार होते. ते घडवणाऱ्या विकराचे काम पाऱ्याचे क्षार रोखून धरतात. चेहरा खरोखरच उजळतो, तोही झपाट्याने; खरी प्रसाधने इतक्या वेगाने काही करूच शकत नाहीत. इकडे आरसा खुशीत असताना तिकडे पारा मूत्रपिंडांत साठत जातो. लघवीला फेस येऊ लागतो, पायांवर आणि डोळ्यांखाली सूज चढते. त्याच टॉवेलला तोंड पुसणाऱ्यांना, कुशीत झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही तो बाधू शकतो. काही मलमांत पाऱ्याऐवजी तीव्र स्टेरॉइड असते. ते बंद करताच चेहरा लालभडक होऊन जळजळू लागतो आणि माणूस पुन्हा त्याच डबीकडे धावतो.

आमच्या धर्मग्रामातील एका मुलीच्या बाबतीत हे डॉक्टरांच्या आधी सोनाराने ओळखले. साखरपुड्याची अंगठी पांढरी पडली म्हणून ती आईबरोबर दुकानात गेली होती. सोनार म्हातारा, जुन्या वळणाचा. त्याने अंगठी नखाने खरवडून पाहिली आणि विचारले, “पोरी, पाऱ्याला हात लावतेस का कुठे?” सोन्याला पारा लागला की सोने पांढरे पडते, हे त्याच्या धंद्यातील पहिल्या धड्यांपैकी एक. जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगून ठेवले आहे की, ज्या डबीवर ‘सोन्याचांदीला लागू देऊ नये’ अशी सूचना असेल, त्या डबीत पारा असण्याचा संशय घ्यावा. आपल्याकडे नवरीच्या गळ्यात मंगळसूत्र पडायच्या सुमारासच ही मलमे चोळली जातात, हे लक्षात घेतले म्हणजे सोनाराचे शहाणपण किती मोलाचे ते कळते.

मायलेकी माझ्याकडे आल्या त्या निराळ्याच कामासाठी. लग्नाची पहिली घोषणा चर्चमध्ये होऊन गेली होती.

“फादर, पुढच्या घोषणा थांबवा,” आई म्हणाली. “पण लोकांना सांगायचं काय?”

“आजारी आहे म्हणून सांगा. त्यात खोटं काय आहे?”

मुलीच्या पायांवर बोट दाबले तर खळगा राहत होता. तपासणीत लघवीतून प्रथिने जात असल्याचे आणि रक्तात पारा असल्याचे निघाले. मलम मामीने फोनवरून मागवले होते, निम्म्या किमतीत. डबी मी पाहिली. वर एका नामांकित कंपनीचे नाव होते, खोका गुळगुळीत होता. मात्र उत्पादकाचा पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता आणि खालच्या बारीक मजकुरात एका इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. विक्रेत्याचे पान शोधू गेलो तर ते नाहीसे झाले होते.

आईची नजर चुकवून मुलगी मला म्हणाली, “फादर, पंधरा दिवसांत मी खरंच गोरी झाले होते. पाय सुजले तरी बंद करवत नव्हतं.” मुलाकडच्या कोणा बाईने पहिल्याच भेटीत ‘मुलगी छान आहे, जराशी सावळी आहे’ असे म्हटले होते. त्या ‘जराशी’चे हे सारे रामायण. औषध बंद करा म्हणणे सोपे. तो शब्द तिच्या मनातून कोण काढणार? मी नवऱ्या मुलाला बोलावून घेतले. त्याला बिचाऱ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. “मला तर ती पहिल्यापासून आवडते,” तो म्हणाला. “हे तिला सांगितलंस का?” असे मी विचारले, तेव्हा तो गप्प झाला. लग्न पाच महिने लांबले. तिची मूत्रपिंडे सावरली. वेळीच कळले तर बहुधा सावरतात.

कायद्यात उणीव आहे असे नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने दुसऱ्याचे नाव लावलेले किंवा अस्तित्वातच नसलेल्या उत्पादकाचे नाव छापलेले प्रसाधन बनावट ठरवले आहे. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार पारा घालण्यास बंदी आहे. नकळत राहिलेला अंश डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतरांत दशलक्ष भागांत एका भागापलीकडे चालत नाही. त्याच वर्षीच्या ई-वाणिज्य नियमांनी मांडववाल्या पेढ्यांवर विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवण्याचे आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देण्याचे बंधन घातले. मांडव घालणारा स्वतःच विक्रीत हात घालत असेल, तर त्याला ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे म्हणून अंग काढून घेता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०१८ मध्ये बजावले. पण एक गोष्ट वाचकांना ठाऊक नसेल. औषध विकायला परवाना लागतो. प्रसाधन बनवायला लागतो, विकायला लागत नाही. म्हणून स्टेशनबाहेरच्या ‘सर्व काही ९९ रुपये’च्या गाळ्यात कंगव्यांच्या शेजारी मलमांच्या डब्या रचलेल्या दिसतात.

तेव्हा डबी उलटी करून वाचायची सवय लावून घ्यावी. उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख आणि घटकांची यादी हे सारे तेथे असलेच पाहिजे. माल परदेशी असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक. यादीत ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरिक’ असे शब्द दिसले तर तो पाराच समजावा. शंका आल्यास वस्तू टाकून देऊ नये. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमानुसार कोणीही ग्राहक ठरलेले शुल्क भरून आपण विकत घेतलेले प्रसाधन सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. ग्राहक साहाय्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

रिकाम्या बरण्यांचीही एक गोष्ट आहे. अस्सल अत्तराची कुपी आणि अस्सल मलमाची बरणी भंगारात वेगळी काढली जाते, तिला वेगळा भाव मिळतो. पुन्हा भरायला ती हवी असते. आमच्याकडे ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्या आता रिकाम्या ट्यूबा कात्रीने उभ्या चिरतात, बरण्यांवरची लेबले भिजवून खरवडतात आणि मगच भंगारवाल्याच्या हवाली करतात. पहिल्यांदा त्यांनी असे केले तेव्हा तो बराच वेळ पोत्यात डोकावून पाहत राहिला, आणि मग त्याने भाव निम्म्यावर आणला.