उचललेला पूल

शिकागो नदी आणि मिशिगन सरोवर यांची जिथे गाठ पडते, तिथल्या महामार्गाच्या पुलापाशी आम्ही एकदा अडकलो होतो. वसंत ऋतूत शिडाच्या नौका सरोवराकडे निघाल्या होत्या. त्यांच्यासाठी दुमजली रस्ता मधोमध दुभंगून आकाशाकडे उठला. चार नौकांसाठी इतक्या मोटारींनी का खोळंबावे, असे वाटून आम्ही वैतागलो.

५ ऑक्टोबर १९३७ रोजी याच पुलाच्या उद्घाटनप्रसंगी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जगात पसरणाऱ्या युद्धखोरीला साथीच्या रोगाची उपमा देऊन विलगीकरणाची भाषा केली होती. जोडणाऱ्या वास्तूच्या साक्षीने दूर ठेवण्याचा पुरस्कार! हा विरोधाभास आम्ही वर्गात अनेकदा मिश्किलपणे सांगितला आहे. त्या दिवशी मात्र तो तितकासा खरा वाटेना. पुलाचे दोन्ही भाग मागच्या वजनाने तोललेले असतात. म्हणूनच एवढे पोलाद उचलता येते आणि पुन्हा टेकवताही येते. तोडणे निराळे, वाट देण्यासाठी दूर होणे निराळे.

एका जुन्या स्नेह्याशी मतभेद झाल्यावर आम्ही केले, ते यांपैकी कोणते?

पूल जुळला, मोटारी सुटल्या. ते पत्र मात्र आमच्याकडून अजून लिहून झालेले नाही.