उतारीचा मान

मेंढीकोटात एकाच रंगाचे एक्का-राजा हातात आले आणि उतारीही आपलीच असली की माणूस निर्धास्त होतो. आधी एक्का उतरायचा, मग राजा. पहिल्या दोन फेऱ्यांत सहसा कोणाचा रंग संपलेला नसतो, त्यामुळे दोन हात घरात आल्यातच जमा. आम्हा कान्हेकरांच्या हाडीमाशी हाच खेळ मुरला आहे. लोणावळ्याहून सुटलेली लोकल मळवली, कामशेत करत आमच्या कान्हे स्टेशनात येते, तोवर डब्यात गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरून डाव ऐन रंगात आलेला असतो. तिथे उतारी म्हणजे मान. पहिला पत्ता ज्याचा, त्याच्या मर्जीने बाकीचे चालणार.

पोकर शिकताना हा मानच आधी सोडावा लागतो. तिथे पहिल्यांदा बोलायची पाळी येणं ही अडचण असते.

भाताची आवणी उरकली आणि पाऊस बाहेर पडू देईना, की आमच्या ओटीवर पोकरचा डाव बसतो. नऊ जणांत चिंचोके वाटले जातात. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७पासूनचा आहे, आणि ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आणली. आमचं चिंचोक्यांवर भागतं. मात्र ते मोजून मिळतात आणि संपले की उठावं लागतं, म्हणून कोणी उधळत नाही. मला या खेळात जे आवडतं, ते पैशाशिवाय पुरेपूर मिळतं.

समजा, पहिली पाळी माझी आहे आणि हातात इस्पिकचा एक्का नि बदामचा राजा आला आहे. मेंढीकोटवाल्याचा जीव इथे सुपाएवढा होतो. पण जोडी नाही, म्हणजे अजून काहीच झालेलं नाही. टेबलावरचे सगळ्यांचे सामाईक पाचही पत्ते उघडेपर्यंत डाव गेला, तर समोरची दुर्रीची जोडीसुद्धा या हाताला शंभरात बावन्न-त्रेपन्न वेळा हरवते. राण्यांची जोडी साधारण सत्तावन्न वेळा हरवते. आणि टेबलावर पहिले तीन पत्ते उघडतात, तेव्हा एक्का किंवा राजा जुळण्याचा योग तीनांतून जेमतेम एकदा येतो.

तरीही हा हात मी पहिल्या जागेवरून खेळतो, आणि नुसता टेकवून नव्हे, बोली वाढवूनच. कारण त्या दोन पत्त्यांत एक गुण दडलेला आहे. एक्क्यांची जोडी सहा प्रकारे जमू शकते. एक एक्का माझ्याकडे असला की त्यातले तीनच प्रकार उरतात. राजांचंही तसंच. माझ्यामागे बोलायचे आठ जण आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे या दोहोंतली एखादी जोडी असण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास राहते. माझ्याकडे हे पत्ते नसते तर ती जवळपास दुप्पट झाली असती. म्हणजे ज्यांची खरी धास्ती घ्यावी, ते हात माझ्याच पत्त्यांनी निम्मे करून टाकले आहेत. हे गणित पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि आजही होतो.

एक्का-राणी याच जागेवरून खेळावी, पण सावधपणे. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-गुलाम आणि राजा-राणी मात्र मी इथे टाकतो. ओटीवर यावरून नेहमी वाद होतो. चित्राचे पत्ते फेकायचे म्हणजे ताटातलं अन्न टाकल्यासारखं वाटतं लोकांना. पण आठ जणांतून जो माझ्या वाढीव बोलीला उभा राहील, त्याच्याकडे काय असेल? बहुधा एक्का-राजा, एक्का-राणी नाहीतर मोठी जोडी. मग माझी राणी जुळली तरी त्याच्या राणीसोबत एक्का असतो, आणि जुळल्याच्या आनंदात मी शेवटपर्यंत चिंचोके घालत बसतो. एक्का-राजासमोर राजा-राणी चारांतून एकदाच जिंकते. हेच पत्ते शेवटच्या जागेवर आले आणि पाळी येईतो बहुतेकांनी पत्ते टाकलेले असले, तर मी खुशाल बोली वाढवतो. पत्ते तेच, पण तोवर बहुतेकांचं मन कळलेलं असतं.

अवघड भाग पुढेच असतो. मी वाढवली, मागच्या दोघांनी ती मान्य केली, बाकीच्यांनी पत्ते टाकले. टेबलावर नव्वी, अठ्ठी, सत्ती उघडली, त्यातल्या दोन किल्वरच्या. आणि पुन्हा पहिल्यांदा मीच बोलायचं. टेबलावर राजा, तिर्री, दुर्री आली असती तर मी न कचरता बोली लावली असती. एकच गडी सोबत असता आणि उघडलेले पत्ते विखुरलेले असते, तर काही न जुळताही छोटी बोली लावून पाहिली असती. पण ही नव्वी-अठ्ठी-सत्ती माझ्यापेक्षा त्या दोघांना जास्त मानवणारी. मी बोली न लावता पाळी पुढे सोडली. पहिल्याने मोठी बोली लावली, दुसऱ्यानेही ती मान्य केली. मी पत्ते पालथे सरकवले.

मामा मागे बसून माझे पत्ते बघत होते. डाव संपताच म्हणाले, "अरे, एक्का-राजा टाकलास?"

टाकला. सुरुवातीला बोली वाढवली तेव्हा तो जुळण्याची आशा होती. तीन पत्ते उघडल्यावर आणि दोघे उभे राहिल्यावर त्याच्याजवळ एका मोठ्या एक्क्यापलीकडे काही उरलं नव्हतं, हे मी मामांना पत्ते मांडून दाखवलं. त्यांना ते पटलं नाही, म्हणून तोच डाव आम्ही पुन्हा वाटला. या वेळी पहिल्या जागेवर मामांना बसवलं.