वारा जायला वाट

मावळातल्या बेडशात मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी चुलत-आत्ते भावंडं जमायचो, तेव्हा दुपारच्या वेळी पडवीच्या तोंडाला ओलं गोणपाट बांधलेलं असायचं. पाळीपाळीने तांब्याने त्यावर पाणी मारायचं, हे पोरांचं काम. माजघराचं मागचं दार सताड उघडं ठेवायचं. कुणी ते लोटलं की आजी माजघरातूनच ओरडायची, “अरे, वारा जायला वाट ठेवा की!”

गावाच्या वर, बेडसे लेण्यांतल्या टाक्यांचं पाणी भर उन्हाळ्यातही गार लागायचं. त्यातलं एक टाकं सामडिनिका नावाच्या महारथिनीने दान दिल्याचा ब्राह्मी लेख तिथेच कोरलेला आहे. तो गारवा खडकाच्या सावलीचा. घरातला गारवा पाणी उडून जाण्याचा. आमच्या माठाचा आणि गोणपाटाचाही तोच.

पुढे कौलं उतरली, स्लॅब पडला आणि दुपारी घर तापू लागलं. मग धाकट्या काकांनी खाटेशेजारी ठेवायचा छोटा कूलर आणला. पुण्याहून येणारे पाहुणे तो लावून खिडक्या घट्ट बंद करायचे आणि तासाभरात खोली दमट होऊन अंग चिकचिकायचं. कूलर उघड्या खिडकीकडे पाठ करून ठेवायचा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, हे आजीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. तिच्यासाठी ते गोणपाटच होतं, फक्त विजेवर चालणारं.

हिशेबही तिच्याच बाजूने आहे. हवा 38 अंशांवर आणि आर्द्रता 20 टक्के असली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा 21 च्या आसपास उतरतो. हवा 32 अंशांवर पण आर्द्रता 70 टक्के झाली, की तो 27 च्या खाली जात नाही. कूलर या पाऱ्याच्या खाली हवा नेऊ शकत नाही. म्हणून मावळात त्याचं खरं राज्य कोरड्या दुपारी. संध्याकाळी घाट चढून समुद्राकडचा दमट वारा आला की नुसता पंखा बरा. वळवानंतर तर पंप बंदच ठेवावा. टाकीत बर्फ टाकायची आम्हा पोरांना भारी हौस होती. पण एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी उडून जाताना घेऊन जातं. कूलरच्या जाळीतलं गवत नीट भिजलेलं असणं महत्त्वाचं. पंप पंख्याआधी पाचेक मिनिटं चालू करावा. विहिरीच्या पाण्याचे क्षार गवतावर पांढरे साचले की हवा अडते. तेव्हा ते सरळ बदलावं.

एसी घ्यायच्या आधी हे एकदा करून पाहा. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून वाळवा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.