फ्लोरिडाची हिरवी अंगणे

अमेरिकेच्या नकाशात उजव्या हाताला अगदी खाली जिभेसारखा एक भूभाग समुद्रात शिरलेला दिसतो. तेच फ्लोरिडा राज्य. त्याच्या पूर्वेला अटलांटिक महासागर आणि पश्चिमेला मेक्सिकोचे आखात. या पश्चिम किनाऱ्यावर टांपा शहराला लागून पिनेलास नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच म्हणा. आमची थोरली लेक आणि जावई तिथे राहतात. मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत आम्हा उभयतांचा मुक्काम त्यांच्याकडे होता. फ्लोरिडाला जाऊन आलेली माणसे समुद्र आणि करमणुकीच्या बागा यांचे वर्णन करतात. पण जन्म शेतात गेलेल्या माणसाला तिथे सर्वांत मोठे नवल वाटते ते घरापुढच्या गवताचे.

ऊन आणि दुपारचा पाऊस

टांपा साधारण दिल्लीच्या अक्षांशावर येते. पण हवा मात्र कोकणची. उन्हाळ्यात पारा बत्तीस-तेहतीस अंशांच्या आसपास असतो. शंभर फॅरनहाइट, म्हणजे सुमारे अडतीस अंश, ही टांपाच्या नोंदींतली पहिली वेळ २७ जुलै २०२५ रोजी आली. आपल्या विदर्भातल्या माणसाला याचे हसू येईल. पण दमटपणा असा, की सकाळी आठला अंगणात पाऊल टाकले तरी सदरा अंगाला चिकटतो. खिडक्या बंद, घरात रात्रंदिवस थंड हवेचे यंत्र चालू. मागच्या दारी जाळी लावलेली पडवी असते. डासांमुळे संध्याकाळी बसायचे ते तिथेच.

पाऊसही उन्हाळ्यातच. दोन्ही बाजूंच्या समुद्रांवरून दिवसा वारे आत शिरतात, जमिनीवर एकमेकांना भिडतात आणि दुपारी तीन-चारला ढग गडगडू लागतात. तासभर मुसळधार, मग पुन्हा ऊन. विजा इतक्या पडतात, की गडगडाट ऐकला की पोहण्याचे तलाव रिकामे करतात. वर्षाचा पाऊस सुमारे पन्नास इंच. त्यातला निम्म्याहून जास्त जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन मात्र वाळूची. पाणी पडते आणि खाली निघून जाते. चार दिवस उघडीप पडली की गवत माना टाकते.

विकतचे गवत

वसाहतीत शंभर-सव्वाशे घरे. प्रत्येकापुढे सारख्याच रंगाचा हिरवा गालिचा. हिने पहिल्याच दिवशी लेकीला विचारले, “एवढे गवत कापून नेतात तरी कुठे? एखादी म्हैस बांधावी की!” लेक म्हणाली, “आई, इथे अंगणात कपडे वाळत घातले तरी शेजाऱ्यांना खपत नाही, म्हैस कसली बांधतेस!”

हे गवत सेंट ऑगस्टीन जातीचे, रुंद पात्याचे. त्याची लागण बियाण्याने करत नाहीत. शेतात वाढवलेले गवत मुळ्यामातीसकट चौकोनी तुकडे करून ट्रकने आणतात आणि फरशी बसवावी तसे बसवतात. फ्लोरिडा आणि टेक्सास येथील विद्यापीठांनी १९७३ साली ‘फ्लोराटॅम’ हा वाण दिला. गवताचा रस शोषणाऱ्या चिंच बग नावाच्या ढेकणाला तो दाद देत नसे. पुढे किडीनेच त्यावर मात केली. बीटी कपाशीवरची गुलाबी बोंडअळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

गोल्फच्या मैदानांवर दुसरे गवत असते. त्याला तिथे बर्म्युडा म्हणतात. ते वाकून हातात घेतले आणि ओळख पटली : आपली हरळीच! गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो त्याच. शेतातून हरळी खणून काढता काढता आपल्या पिढ्या गेल्या. तिथे ती पैसे मोजून लावतात आणि खत घालून वाढवतात.

नासाच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली उपग्रहांच्या मदतीने अंदाज केला, की साऱ्या अमेरिकेत हिरवळीखालची जमीन सुमारे एक लाख साठ हजार चौरस किलोमीटर असावी. म्हणजे आपला महाराष्ट्र निम्मा झाकला जाईल एवढी. पाणी देऊन काढलेल्या तिथल्या मक्याच्या क्षेत्राच्या ती तिप्पट भरते. एवढ्या पिकाचे ना भाकर होते, ना कडबा.

पाण्याची पाळी

या गवताला पाणी देण्यासाठी जमिनीत नळ्या पुरून तुषारांची तोट्या बसवलेल्या असतात आणि घड्याळ लावून त्या आपोआप सुरू होतात. मात्र पाळी ठरलेली. आठवड्यातून एक किंवा दोन वार, तेही सकाळी दहाच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर. पाऊस पडत असताना तुषार चालू राहू नयेत म्हणून पाऊस ओळखणारी कळ बसवण्याची कायद्याने सक्ती आहे.

एक गोष्ट घेण्यासारखी वाटली. सेंट पीटर्सबर्ग हे याच काउंटीतले शहर. तिथे १९७७ पासून सांडपाणी शुद्ध करून वेगळ्या नळांनी हिरवळींना देतात. या नळ्या जांभळ्या रंगाच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याशी गल्लत होत नाही. आपल्याकडे गावाचे सांडपाणी ओढ्यात सोडून आपण खालच्या गावाला पाजतो.

वसाहतीच्या मध्ये तळी आहेत. ती नैसर्गिक नव्हेत. खोदून निघालेल्या मातीचा भराव घालून त्यावर घरे बांधली आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साठवले. नव्या वसाहतीने आपले पावसाचे पाणी असे अडवून, निवळूनच पुढे सोडावे, असा नियम राज्यात १९८२ पासून आहे. म्हणजे आपले शेततळेच, फक्त काठावर मगरीच्या जातीच्या ॲलिगेटरपासून सावध राहण्याच्या पाट्या! सकाळी फिरताना आम्ही एकदा पाच-सहा हातांचे धूड काठावर ऊन खात पडलेले पाहिले. त्याला खायला घालणे गुन्हा आहे. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागली की ते माणसाला भीत नाही.

गवत कापणारे हात

पावसाळी दिवसांत गवत दर आठवड्याला कापावे लागते. साडेतीन-चार इंचांच्या खाली कापले तर मुळे उन्हाने होरपळतात. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये आणि कापलेले तिथेच पडू द्यावे, म्हणजे त्याचेच खत होते. हे काम घरमालक सहसा स्वतः करत नाहीत. सकाळी सातला ट्रक येतो, यंत्रे उतरतात, चार माणसे तासाभरात दहा अंगणे उरकून पुढे जातात.

त्यातला एकजण ग्वाटेमाला देशाचा. दुपारी आमच्या झाडाखाली टेकला होता. हिने पाणी नेऊन दिले. नात शाळेत स्पॅनिश शिकते, तिने दुभाषाचे काम केले. त्याने माझ्या हातांकडे पाहून विचारले, “तुम्ही काय पेरता?” सोयाबीन, तूर आणि थोडा मका, असे सांगितले. तो खुलला. त्यांच्याकडे मका आणि त्यावर चढलेला घेवडा एकत्र घेतात. वडिलांची जमीन भावाभावांत वाटून पोटापुरती उरली नाही, म्हणून हा गवत कापायला आला. गोष्ट दूरदेशीची, पण आपल्याच शिवेवरची वाटली.

अशा उन्हात राबणाऱ्यांना सावली, पाणी आणि विश्रांती देण्याची सक्ती शहरांनी किंवा काउंट्यांनी करू नये, असा कायदा फ्लोरिडात २०२४ साली झाला. गवताला पाणी कधी द्यावे याचा नियम आहे. माणसाला कधी द्यावे हे मुकादमाच्या मर्जीवर.

भुईमुगाचे अंगण

वसाहतीत घरमालकांची एक संस्था असते. गवत पिवळे पडले, तण माजले, की तिचे पत्र येते. न ऐकल्यास दंड. आमच्या लेकीलाही जूनमध्ये असे पत्र आले. पण दोन घरे पलीकडे एका निवृत्त शिक्षिकेने निम्मे गवत काढून तिथे बारमाही भुईमूग लावला आहे. याला शेंगा धरत नाहीत, गड्ड्यांवरून वाढतो, पिवळी फुले येतात. भुईमुगाच्या कुळातला असल्याने हवेतला नत्र स्वतःच घेतो. खत नको, पाणी कमी. त्याच्या मोठ्या वाणांचा सुका चारा तिकडे घोड्यांना घालतात. अशा कमी पाण्याच्या लागवडीला संस्थेला मनाई करता येऊ नये, असा कायदा २००९ साली झाला आहे. संस्थेने हरकत घेतली तेव्हा बाईंनी कायद्याची प्रत नेऊन दाखवली. यंदा जावईही पुढच्या दारी तोच भुईमूग लावणार आहेत.

त्यांच्या परसात आंबाही आहे, हेडन जातीचा. भारतातून १८८९ साली नेलेल्या ‘मुलगोबा’ नावाच्या आंब्याची कोय १९०२ साली मायामीजवळ रुजवली, तिचे हे फळ. शिवाय रस्त्याच्या कडेला फुललेली क्रेप मर्टलची झाडे आपल्या ताम्हणाची चुलत भावंडे. त्यामुळे परक्या मुलखातही ओळखीचे चेहरे भेटत राहतात.

खत आणि पाऊस

पिनेलासमध्ये १ जून ते ३० सप्टेंबर हिरवळीला नत्र किंवा स्फुरद घालण्यास बंदी आहे. जवळच्या सॅरासोटा काउंटीने असा नियम २००७ मध्येच केला. कारण साधे आहे. मोठ्या पावसात खत मुळांशी थांबत नाही. वाळूतून झिरपून तळ्यात, खाडीत जाते. तिथे शेवाळ माजते, पाण्याखाली उजेड पोचत नाही आणि समुद्रातले गवत मरते. राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर इंडियन रिव्हर नावाच्या खाडीत मैलाटाक्यांचे पाणी आणि वाहून आलेली खते यांनी हेच झाले. त्या गवतावर जगणाऱ्या समुद्रगाई, मॅनाटी, उपाशी पडल्या. २०२१ या एका वर्षात राज्यात त्यांतल्या अकराशे मेल्या. त्या हिवाळ्यात सरकारी माणसांनी पाण्यात लेट्यूसचे गड्डे टाकून उरलेल्यांना जगवले. अंगणातले गवत हिरवे राहिले आणि समुद्रातले संपले, असा हा हिशेब.

हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. आपल्या पंचगंगेवर आणि भीमेवर जलपर्णी पसरते ती अशाच फुकटच्या खतावर. फरक इतकाच, की आपण पोटासाठी पिकवतो. पण ढग भरून आलेले दिसत असताना युरियाचे पोते फोडले, तर पैसा आपला आणि पीक नदीत. मोठा पाऊस सरून वाफसा येऊ द्यावा, मात्रा दोन-तीन हप्त्यांत द्यावी, खत मातीआड करावे आणि बांधाच्या कडेला गवताचा पट्टा राखावा. त्या पट्ट्यातले गवत मात्र आपल्या म्हशीच्या कामी येते.