अठ्ठेचाळीस मिनिटांची शांतता

लालबागच्या मसाला बाजारात तीन पिढ्यांचे दुकान असलेल्या कुटुंबात ती सून म्हणून आली, तेव्हा तिची वाणिज्य शाखेची पदवी अर्धवट राहिली होती. रोज महाविद्यालय गाठणे आता शक्य नव्हते. एप्रिल-मे महिन्यांत वर्षभराच्या मसाल्यासाठी गिऱ्हाइकांची झुंबड उडे आणि घरातील प्रत्येक हात दुकानाला हवा असे. तिने ऑनलाइन पदवीचा विषय काढला, तेव्हा सासरे एवढेच म्हणाले, “सूनबाई, मोबाइलवरच्या पदवीला कोण विचारतो?”

या अविश्वासामागे एक जुनी सल होती. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले; पुढे त्याच मार्गाने तेही शिकू लागले होते. टपालाने आलेल्या पुस्तिका गल्ल्याखालच्या खणात साठत गेल्या. अडलेले विचारायला कोणी नव्हते. पदवी राहूनच गेली.

सुनेने वाद घातला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष ठरते, हे तिने त्यांना दाखवले. निवडलेल्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे, हेही आयोगाच्या संकेतस्थळावर तपासले. व्यापारी मनाला कागद पटला.

नवे तंत्र उपयोगी आणि सोपे वाटले की माणूस ते स्वीकारतो, असे फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडले. २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्यात जवळच्या माणसांचे मत आणि भोवतालची अनुकूलता यांची भर घातली. लालबागच्या दोन खोल्यांत ही अनुकूलता म्हणजे शांतता. ती फार दुर्मीळ. दूरदर्शन संच, पाहुणे, दुकानाचे फोन यांत तिचा तास बुडू लागला.

सासूबाई रोज सायंकाळी सामायिकास बसत. त्या ४८ मिनिटांत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. ओट्याशी उभी राहून व्याख्यान ऐकणारी सून त्यांनी एकदा पाहिली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या सामायिकाची वेळ तिच्या तासाच्या वेळेला आणली. का, ते कोणाला सांगितले नाही.

मे महिन्यात दुकानाची गर्दी आटोपल्यावर ती रात्री मुद्रित व्याख्याने पाहू लागली. एके रात्री सासरे शेजारी येऊन बसले. “अडलेले विचारतेस कोणाला?” त्यांनी विचारले. तिने पडद्यावर प्राध्यापकांनी आपल्या प्रश्नाला दिलेले उत्तर दाखवले.

त्यांनी ते दोनदा वाचले. मग चष्मा पुसत म्हणाले, “पुढचा पाठ लाव. मीही ऐकतो.”