६१ ची रेघ

आईचे दिवस झाले आणि दादाचं पोट दुखू लागलं. सोनोग्राफी केली, एंडोस्कोपी केली. काही निघालं नाही. "आईची आठवण येते का रे?" असं मी विचारलं, तर तो विचार करून म्हणाला, "सांगता येत नाही. पोटात गोळा येतो, एवढं कळतं." गोळा भीतीचा, दुःखाचा की गॅसचा, हे त्याला खरंच उमगत नव्हतं. नातेवाईक मात्र त्याला कोरडा म्हणत.

दोन वर्षांनी एका समुपदेशक बाईंनी त्याला 'अलेक्सिथायमिया' हा शब्द सांगितला. बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्नीऑस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक शब्द जोडून तो घडवला: भावनेला शब्द नसणं. शरीराची दुखणी घेऊन आलेल्या रुग्णांमध्येच त्यांना हे दिसलं होतं.

बाईंनी त्याच्याकडून टोरांटो प्रश्नावली भरून घेतली. २० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ५१ पर्यंत 'नाही', ६१ पासून पुढे 'आहे', मधले 'असू शकेल'. दादाला ६३ मिळाले.

त्या रात्री मीही ती भरली. ५८.

मी हादरले. मी तर चटकन रडणारी! पण नीट आठवून पाहिलं, तर का रडले हे मला बहुधा दुसऱ्या दिवशी कळतं. दादाने विचारलं, "म्हणजे मी वेगळा आणि तू नाहीस?"

प्रश्न रास्त होता. जेम्स पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमकं हेच तपासलं: अशा माणसांचा वेगळा गट खरोखर पडतो का? पडला नाही. फरक कमीजास्त प्रमाणाचा निघाला. फिनलंडमधल्या १९९९ च्या पाहणीत सुमारे १३ टक्के लोक ६१ च्या या व्याख्येत बसले. रेघ खाली सरकवली असती, तर आणखी बसले असते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या आजारांच्या सूचीत अलेक्सिथायमिया स्वतंत्र आजार म्हणून नाहीच. रेघ सोयीची आहे, हे मला पटलं. पण दादाच्या पोटातलं दुखणं सोयीचं नव्हतं. नाव मिळालं म्हणूनच त्याला 'कोरडा' म्हणणं थांबलं, हेही मी विसरणार नाही.

बाईंच्या सांगण्यावरून तो वही ठेवतो. परवाची नोंद: 'आईचा जुना डबा मोडीत दिला. पोटात गोळा. वाईट वाटलं?' प्रश्नचिन्ह त्याचंच.

त्याच बाईंकडे आता मीही जाते. ५८ गुणांवर.